शिळेवरील खळगे आणि सागावरील घोडेस्वार

रिव्हेट-कार्नॅक यांचा मध्य हिंदुस्थानातील प्रागैतिहासिक अवशेषांवरील इ. स. १८७९ चा निबंध आजही वाचनीय आहे. नागपूरजवळील जुनापाणीच्या शिलावर्तुळांतील दगडांवर असलेले वाटीसारखे खळगे त्यांनी सूक्ष्म दृष्टीने टिपले. परंतु स्कॉटलंडातील शिळांवरही तसेच खळगे आहेत, एवढ्यावरून एकाच भटक्या लोकांच्या शाखा दोन्हीकडे पसरल्या असाव्यात, हा त्यांचा तर्क आम्हांस ग्राह्य वाटत नाही. साम्य म्हणजे नाते नव्हे.

हा मोह आपणांसही सुटलेला नाही. मेळघाटात धारणीकडील कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ ‘मुंडा’ नावाचा सागवानी स्तंभ उभारतात. त्यावर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले असतात. इकडे नागपूरजवळच माहूरझरीच्या शिलावर्तुळांत घोड्यांच्या अस्थी निघाल्या. तेवढ्यावरून कोरकूंस त्या लोकांचे वंशज ठरविणे सोपे आहे. पण मधल्या दोन हजारांहून अधिक वर्षांचे काय? खळग्यांचा अर्थ आता कोणास विचारावयाचा? मुंड्याचा अर्थ सांगणारी माणसे मात्र हयात आहेत. धारणीस जाणाऱ्या अभ्यासकाने प्रथम त्यांस विचारावे. तर्क मागाहून करावा.