गोतावळा मोठ्यानं वाचताना

औंदा पाऊस लांबला. पेरण्या खोळंबल्या आणि वाचायला वेळ झाला. तीन कादंबऱ्या झाल्या. ‘बनगरवाडी’ तिसऱ्यांदा, ‘बारोमास’ दुसऱ्यांदा आणि आनंद यादवांची ‘गोतावळा’ पहिल्यांदाच. ही १९७१ सालची. मी साठीला टेकलो तरी वाचायची राहिली होती. खरं सांगायचं तर टाळलीच होती. तिच्यात मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात, एवढं ऐकून होतो. आमच्या मळ्यात तेच झालंय, आणि ट्रॅक्टर आणणारा मीच.

आमचे नाना वडलांच्या वेळचे सालगडी. आता ऐंशीच्या घरात, डोळ्यांत मोतीबिंदू. दिवस मावळला की मी पुस्तक घेऊन वस्तीवरच्या कट्ट्यावर बसायचो. एक दिवस म्हणाले, “वाचा की मोठ्यानं, धाकलं मालक. मलाबी कळू द्या.” वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी मी धाकलाच.

पहिल्यांदा ‘बनगरवाडी’ लावली. धनगरांचा कारभारी नानांना फार आवडला. मास्तराबद्दल मात्र म्हणाले, “गुणी पोरगं हाय. पर मेंढरं मेली तर त्येचं काय जातंय? त्येला पगार हाय.” माडगूळकरांची ती नेमकी, कमी शब्दांची लिहिणी मी आजवर डोक्यावर घेतली होती. अजूनही घेतो. पण ते नितळ दिसणं कुठं उभं राहून दिसतंय, हे तीन वाचनांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुष्काळात वाडी उठते, मास्तरही जातो. पण त्याला जायला ठिकाण असतं.

‘बारोमास’ नानांनी दुसऱ्याच दिवशी सोडली. “ह्येंचं बोलणं कानाला लागंना,” म्हणाले. वऱ्हाडी बोली ती. मी एकट्यानं पुरी केली. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ मला माझ्या पोराच्या जागी दिसतो, त्यामुळं मी तिचा निवाडा नीट करू शकेन असं वाटत नाही. शेतीवरच्या चर्चा लांबतात, माणसं सभेत बोलल्यागत बोलतात, एवढं खटकलं. घरातली भांडणं मात्र अस्सल. पैसा नसला की घरात कोण कुणाला काय बोलतं, ते सदानंद देशमुखांना पुरतं ठाऊक आहे.

मग ‘गोतावळा’. ही अख्खी नारबा गड्याच्या तोंडची, नुसते संवाद नव्हेत तर निवेदनही कोल्हापुरी बोलीत. त्याच साली बोराड्यांची ‘पाचोळा’ आली, तीही अशीच सबंध बोलीतली. शहरातले वाचक म्हणतात, भाषा अवघड आहे. डोळ्यांनी वाचली तर आहेच. माझीही शाळेत घासलेली जीभ अडखळायची आणि नाना अंधारातनं शब्द सरळ करून द्यायचे. मोठ्यानं वाचा, अवघड काही राहत नाही. एक मात्र आहे. मधे मधे नारबाच्या बोलण्यात उपमांची दाटी होते. तिथं गडी मागं सरतो आणि कवी बोलायला लागतो. यादवांची सुरुवात कवितेचीच. नानाही तेवढ्यापुरते पेंगायचे. जनावराचं नाव आलं की जागे. नारबाला बायको नाही, पोरं नाहीत. दावणीला आहे तोच त्याचा गोतावळा.

मला एक गोष्ट सलत होती. यादव मालकाच्या मनात शिरतच नाहीत. वैरणीचा खर्च, माणसं न मिळणं, नांगरटीला लागणारे दिवस, हे मालकाचं गणित कुठं नीट मांडलेलं नाही. मी म्हणालो, “नाना, लेखकानं मालकाचीबी बाजू सांगायला पायजे होती.”

नाना जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गड्याला कवा कुणी गणित सांगितलंय? आपली जोडी इकली तवा मला सांगितलंतं का?”

नव्हतं सांगितलं. वडगावच्या बाजाराला बैल न्यायचे त्या सकाळी मी त्यांना मुद्दाम लेकीकडं धाडलं होतं. लुगडं घेऊन जावा म्हणालो, वर भाड्याला पैसे दिले. सांजच्याला आले ते थेट गोठ्यात गेले. मी घरातनं बाहेर आलो नाही. दोघांनीही तो विषय काढला नाही, बारा वर्षं.

कादंबरीत उणीव म्हणून मी जे दाखवत होतो ते उणं नव्हतंच. नारबाला मालक जेवढा दिसतो तेवढाच पुस्तकात आहे. मालकाचं गणित त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोचतात ती रिकामी होत जाणारी दावण आणि ट्रॅक्टरचा आवाज. यादवांनी ते भरून काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं, एवढंच.

जनावरं एकेक करून जायला लागली तसं नाना म्हणाले, “बास. ऱ्हाऊ द्या आता.” उरलेली पानं मी माजघरात बसून मनातल्या मनात वाचली.

दुसऱ्या दिवशी पाणी पाजायला निघालो तर त्यांनी हाक मारली.

“शेवटाला परत आली का वो जनावरं?”

नाही म्हणालो.

“हां,” म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.