जनता सरकारची पहिली दोन वर्षं : पाळलेली आश्वासनं आणि मोडलेला शब्द



नवं सरकार येतं, लोक त्याला डोक्यावर घेतात, आणि वर्ष-दीड वर्षात तेच लोक तोंड फिरवतात. असं का होतं, हा आजचा प्रश्न आहे. याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं हरलेले पुढारी देतात : नव्याचे नऊ दिवस, लोक चंचल, लोक विसरभोळे. दुसरं आपण सगळे देतो : आश्वासनं दिली आणि पाळली नाहीत. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. का, ते सांगण्यासाठी मी १९७७ सालच्या जनता सरकारचं उदाहरण घेतो. कारण हे सरकार या दोन्ही उत्तरांत बसत नाही. त्यानं आपल्या जाहीरनाम्यातलं सगळ्यात अवघड आश्वासन पाळलं होतं, आणि तरी त्याच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला.

आधी घटना थोडक्यात. २१ मार्च १९७७ला आणीबाणी उठली. निवडणुकीत जनता पक्षाला २९५ जागा मिळाल्या, काँग्रेसला १५४. उत्तर प्रदेशात ८५ आणि बिहारमध्ये ५४ जागा होत्या. या दोन राज्यांत काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पडल्या. २४ मार्चला मोरारजी देसाईंनी शपथ घेतली. केंद्रातलं हे पहिलं बिगरकाँग्रेस सरकार.

त्याच दिवशी आणखी एक शपथ झाली होती. तिची आठवण तरुण श्रोत्यांना नसणार, म्हणून मुद्दाम सांगतो. जनता पक्षाचे नवे खासदार राजघाटावर जमले आणि जयप्रकाशांच्या उपस्थितीत त्यांनी गांधीजींच्या समाधीसमोर प्रतिज्ञा घेतली. दुर्बलांची सेवा करू, साधेपणानं आणि सचोटीनं वागू, अशा आशयाची. संविधानाची शपथ कायद्यानं घ्यावीच लागते. ही दुसरी शपथ कुणी मागितली नव्हती. आपण होऊन घेतलेली होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आश्वासनांचा हिशोब मांडू. जाहीरनाम्याचा गाभा होता भाकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही. स्वातंत्र्याच्या बाजूला काय झालं? आक्षेपार्ह मजकुराच्या नावाखाली वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा लगेच १९७७मध्ये रद्द झाला. संसदेतलं कामकाज निर्भयपणे छापण्याचं संरक्षण परत मिळालं. १९७८मध्ये मिसा गेला. आणि चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. ती काय होती, हे नीट समजून घेतलं पाहिजे. पूर्वी ‘अंतर्गत अशांतता’ या सैल शब्दावर आणीबाणी लावता येत होती, त्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, असं ठरलं. आणि आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१, म्हणजे जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण, न्यायालयात मागता येईल, अशी तरतूद झाली.

सत्तेत आलेला पक्ष सहसा आधीच्यानं घडवलेली हत्यारं मोडत नाही. निषेध करतो आणि कपाटात ठेवून देतो, न जाणो कधी लागतील. जनता सरकारनं त्यातली बरीचशी हत्यारं मोडली, आणि तीही स्वतःच्या हातात असताना. माझ्या मते आपल्या राजकारणातल्या पाळलेल्या वचनांमध्ये याचा क्रमांक फार वर लागतो.

भाकरीच्या बाजूला चित्र अर्धवट होतं. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून काढू आणि कामाच्या हक्काला मान्यता देऊ, असं म्हटलं होतं. पहिली गोष्ट झाली, दुसरी झाली नाही. हे अपयश खरंच. पण रोजगाराबाबत कुठल्या सरकारला दीड वर्षात यश मिळालंय? लोकांनाही ते कळतं. पाऊस, तिजोरी, आंतरराष्ट्रीय बाजार या सबबी लोक ऐकून घेतात. शेतकऱ्याला तर आभाळाच्या भरवशावर दिलेला शब्द काय असतो, हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मग लोक नाराज कशावर झाले?

इथे मला एक भेद करायचा आहे. वचनं दोन प्रकारची असतात. एक, ‘आम्ही अमुक करू’. दुसरं, ‘आम्ही असे वागू’. पहिल्याला कार्यक्रम म्हणा, दुसऱ्याला शब्द म्हणा. कार्यक्रम फसला तर कारणं देता येतात. शब्द मोडला तर कारण देता येत नाही, कारण तो पाळायला पैसा लागत नाही, पाऊस लागत नाही, बहुमतही लागत नाही. तो फक्त आपल्या हातात असतो. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं, की ‘मी वचन देतो’ हे वाक्य कशाचं वर्णन करत नाही. ते उच्चारणं हीच एक कृती असते. म्हणून मनात नसताना दिलेलं वचनही बांधूनच ठेवतं. राजघाटावर बोललेले शब्द अशी कृती होती. ‘परिस्थिती बदलली’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता या दुसऱ्या रकान्यात काय दिसतं ते बघू.

सुरुवात पहिल्याच दिवसांत झाली. पंतप्रधान कोण, हे खासदारांनी मतदानानं ठरवलं नाही. निर्णय जयप्रकाश आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवला गेला. हुकूमशाहीविरुद्ध लढून आलेल्या पक्षानं आपला नेता मतदानाशिवाय निवडला. हेतू चांगला होता, फूट टाळायची होती. पण फूट टळली नाही, फक्त झाकली गेली.

दुसरी गोष्ट ३० एप्रिलची. काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा केंद्रानं बरखास्त केल्या. युक्तिवाद असा, की लोकसभेच्या निकालानं या सरकारांवरचा विश्वास संपला आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे केंद्राची बाजू टिकली. कायद्यानं टिकली, पण केंद्राच्या मनमानीविरुद्ध मतं मागितलेल्या पक्षाला ती शोभली का? या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षांत मिळालं. फेब्रुवारी १९८०मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या. त्यात आपला महाराष्ट्रही होता. वाट कुणी मळून ठेवली होती, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट बेलछी. मे १९७७मध्ये बिहारमधल्या या गावात ११ जणांना मारून जाळण्यात आलं, त्यात बहुतेक दलित होते. विधानसभा बरखास्त झालेली, म्हणजे बिहारची जबाबदारी त्या वेळी थेट केंद्रावर होती. दुर्बलांची सेवा करू अशी प्रतिज्ञा घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ऑगस्टमध्ये तिथे चिखलातून, हत्तीवर बसून पोहोचल्या त्या इंदिरा गांधी. त्यामागे राजकारण होतं, असं म्हणतात. असेल. पण राजकारण करायला जागा रिकामी होती म्हणून त्यांना ती मिळाली. जे पंतप्रधानांनी पहिल्या आठवड्यात करायचं, ते विरोधकांनी अडीच महिन्यांनी केलं आणि श्रेय घेतलं.

चौथी गोष्ट ऑक्टोबरची. ३ तारखेला इंदिरा गांधींना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिलं, कारण कोठडीत ठेवण्याइतका आधारच समोर नव्हता. आणीबाणीत लोकांना विनाचौकशी डांबलं, हा ज्यांचा मुख्य आरोप, त्यांनी पुरेशा तयारीशिवाय अटक करावी? शहा आयोग शांतपणे साक्षीपुरावे घेत होता. ते काम पुरं होऊ द्यायचा धीर सरकारला नव्हता.

पाचवी गोष्ट तर रोजची होती : भांडण. चार पक्ष विसर्जित करून एक पक्ष केला, याचाच अर्थ ‘आता आम्ही एक आहोत’ हा शब्द. पण जून १९७८ संपता संपता चरणसिंग आणि राजनारायण मंत्रिमंडळाबाहेर पडले. जानेवारी १९७९मध्ये चरणसिंग उपपंतप्रधान होऊन परत आले. या दोन घटनांच्या मधल्या काळात पक्षांतराला आळा घालणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. त्याला विरोध करणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचेही सदस्य होते, आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. इकडे महाराष्ट्रात जुलै १९७८मध्ये शरद पवार काँग्रेसच्या सरकारातून बाहेर पडले आणि पुलोदचं सरकार आलं, त्यात जनता पक्ष सामील झाला. दिल्लीत पक्षांतराचा निषेध आणि मुंबईत त्याचा लाभ. लोक हे दोन्ही एकाच वर्तमानपत्रात वाचत होते.

जनमताचा पुरावा काय? इथे घाईनं निष्कर्ष काढायचा नाही. फेब्रुवारी १९७८मध्ये आंध्र आणि कर्नाटकात इंदिरा काँग्रेस जिंकली, हा जनता सरकारला धक्का होता, असं बरेच जण लिहितात. पण १९७७मध्ये आंध्रात जनता पक्षाला एक आणि कर्नाटकात दोनच जागा होत्या. जे कमावलंच नव्हतं ते गमावणार कसं? उलट त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या विधानसभेत जनता पक्ष ९९ जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष ठरला. खरा इशारा आझमगढचा होता. ज्या उत्तर प्रदेशात काँग्रेसला शून्य मिळालं होतं, तिथे १९७८च्या पोटनिवडणुकीत मोहसिना किडवाई जिंकल्या. जिथे जनतेची लाट सगळ्यात उंच होती, आणि जिथे लोकांना जनता पक्षाचा कारभार दिल्लीत आणि लखनौत असा दोन्हीकडे बघायला मिळाला, तिथे ही ओहोटी दिसली. लोक विसरले नव्हते. ते बघत होते.

आता एक आक्षेप. तुम्ही म्हणाल, ज्या सरकारनं नागरिकांचं जीवित सुरक्षित केलं, त्याला मंत्र्यांच्या भांडणासाठी शिक्षा, हा न्याय झाला का? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचं यश असं, की त्यामुळे काही घडत नाही. मध्यरात्री दार वाजत नाही. न वाजलेल्या दाराबद्दल कुणी मत देत नाही. स्वातंत्र्य परत मिळालं की हवेसारखं होतं, जाणवत नाही. मंत्र्यांचं भांडण मात्र रोज सकाळी चहाबरोबर जाणवतं. या अर्थी लोकांच्या निवाड्यात एक असमतोल होता, हे मी मान्य करतो.

पण त्याला कृतघ्नपणा म्हणणं मला पटत नाही. हॅना आरेंट म्हणतात की उद्या काय होईल हे माणसाला माहीत नसतं, म्हणून तो वचनं देतो. वचन म्हणजे अनिश्चिततेच्या समुद्रातली थोडीशी ठाम जमीन. कायदा हीसुद्धा अशीच जमीन आहे, पण तिच्यावर उभं राहायला माणसं लागतात. जी माणसं एकमेकांना दिलेला शब्द पाळत नाहीत, ती आपल्याला दिलेला पाळतील का, असा हिशोब मतदारानं केला. त्यात चूक काय? जुलै १९७९मध्ये सरकार कोसळलं. विरोधकांनी पाडलं त्याहून जास्त ते आतून फुटलं. जानेवारी १९८०मध्ये इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या आणि जनता पक्षाला ३१. स्वातंत्र्य परत मिळवून देणाऱ्यांच्या भांडणानं ते हिरावणाऱ्यांना परत आणलं. दुसऱ्या रकान्यातल्या बेपर्वाईची किंमत पहिल्या रकान्यातल्या कामाला द्यावी लागली.

म्हणून कुठलंही नवं सरकार आलं, दिल्लीत किंवा मुंबईत, कुठल्याही पक्षाचं, तर त्याच्या नावानं वहीत दोन रकाने आखा. एकीकडे कार्यक्रम, दुसरीकडे शब्द. आपण फक्त पहिला भरतो : अमुक रुपये देणार होते, दिले का? तोही भरलाच पाहिजे. पण पहिल्या वर्षात तो पुरा भरत नाही, दुसरा भरतो. विरोधात असताना ज्याचा निषेध केला तेच सत्तेत आल्यावर केलं का? ज्याला वाचवायची शपथ घेतली, त्याच्या दारी वेळेवर गेले का? चौकशीला धीर धरला का?

आणि पहिल्या रकान्यातलं एक देणं तुमच्या नजरेला आणून थांबतो. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमानं प्रतिबंधक स्थानबद्धतेवर मर्यादा घातल्या : सल्लागार मंडळानं संमती दिल्याशिवाय दोन महिन्यांपलीकडे कुणाला ठेवता येणार नाही, आणि त्या मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार होईल. संसदेनं हे मंजूर केलं. ते लागू करायला सरकारची फक्त एक अधिसूचना लागते. जनता सरकारनं ती काढली नाही, आणि त्यानंतर आलेल्या सगळ्या रंगांच्या सरकारांनीही आजवर काढलेली नाही. त्याला पैसा लागत नाही, पाऊसही लागत नाही. हे देणं अजून थकलेलं आहे, आणि ते मागणारे आपणच आहोत.