गिरणीवाल्याची ढकलगाडी

घेणाऱ्या मित्राशी कसं वागायचं यावर रील्स पुष्कळ आहेत. त्या बघण्यापेक्षा ऑस्कर वाइल्डची ‘द डिव्होटेड फ्रेंड’ ही गोष्ट वाचा. १८८८ साली ‘द हॅपी प्रिन्स अँड अदर टेल्स’ या संग्रहात ती आली. म्हणायला मुलांची आहे. अर्ध्या तासात वाचून होते आणि नंतर काही ठरावीक लोकांचे फोन उचलताना आठवत राहते.

हान्सची छोटी बाग आहे. फुलं बाजारात विकायची आणि त्यावर जगायचं. त्याचा जिगरी दोस्त म्हणजे श्रीमंत गिरणीवाला ह्यू. बागेवरून जाताना तो मूठभर फुलं, खिसाभर फळं घेऊन जातो. हिवाळ्यात हान्स उपाशी झोपतो तेव्हा मात्र फिरकत नाही. अडचणीतल्या माणसाला एकटं सोडावं, असं त्याचं तत्त्व आहे. हान्स कोटाची चांदीची बटणं विकतो, साखळी विकतो, शेवटी ढकलगाडीही विकतो. वसंतात गिरणीवाला येतो आणि म्हणतो, माझी देतो तुला. ती मोडकी आहे, एक बाजू गेलेली, चाकाच्या आऱ्यांचं काहीतरी बिघडलेलं.

खरी गोष्ट इथून सुरू होते. गाडी अजून दिलेलीच नाही, पण तिच्या बदल्यात वसुली चालू. आधी गाडी दुरुस्त करायला ठेवलेली फळी गेली. मग टोपलीभर फुलं, मग पिठाचं पोतं बाजारात पोचवणं, कोठाराचं छप्पर, मेंढ्या डोंगरावर नेणं. आमच्या भाषेत सांगायचं तर रोडमॅपवरचं फीचर, जे कधीच रिलीज होत नाही पण ज्याचं बिल दर महिन्याला येतं. वाइल्डने हे इतकं अचूक पकडलंय, की गिरणीवाला दुष्ट वाटण्याआधी ओळखीचा वाटतो.

मला सर्वांत जास्त लागली ती छपराच्या वेळची एक छोटी जागा. हान्सला बागेत काम आहे. तो भीत भीत गिरणीवाल्यालाच विचारतो, मला वेळ नाही म्हटलं तर ते मैत्रीला सोडून होईल का? नकार द्यायची परवानगी तो घेणाऱ्याकडूनच मागतोय! उत्तर काय येणार? गाडी देतोय त्या मानाने हे फार नाही, पण तू नाही म्हणालास तर मी स्वतः करीन. झालं, हान्स छपरावर. ‘तुला राग येणार नसेल तर या रविवारी मला जमणार नाही’ असे मेसेज आपण टाइप करतो, तेव्हा वेगळं काय करतो?

बरं, हान्सला यातून काहीच मिळत नाही असंही नाही. गिरणीवाला मैत्रीवर सुंदर बोलतो आणि हान्स ते वहीत उतरवून रात्री वाचतो. एवढे थोर विचार असणारा माणूस आपला मित्र आहे, याचा त्याला अभिमान आहे. वाइल्ड हे दाखवतो आणि पटकन पुढे जातो. मला तो इथे थांबायला हवा होता.

दुसरी तक्रार मोठी आहे. वाइल्डचा गिरणीवाला काहीच देत नाही, त्यामुळे वाचकाचा निकाल पहिल्या पानावरच लागतो. माझ्या मित्राने गाडी खरंच दिली होती. पहिल्या नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा त्याने मला बारा दिवस स्वतःच्या खोलीवर ठेवलं, एक पैसा घेतला नाही. त्यानंतर पाच वर्षं त्याचा रेझ्युमे, त्याचं घर शिफ्ट करणं, त्याच्या भावाचा कॉलेज प्रोजेक्ट. माझे बाबा आयसीयूत होते तेव्हा त्याचा ‘टेक केअर’ आला आणि खाली लगेच एक एक्सेल शीट. आता त्याला सांगितलंय, शनिवार-रविवार कामाचं काही नको, चहाला कधीही ये. दोन महिने झाले, चहा अजून झालेला नाही. तरी ते बारा दिवस खोटे ठरत नाहीत. या हिशोबाबद्दल वाइल्डकडे काहीच नाही. हान्सला मारून त्याने स्वतःची सुटका करून घेतली असं मला वाटतं.

मरण मात्र जबरदस्त लिहिलंय. वादळी रात्री गिरणीवाल्याचा मुलगा शिडीवरून पडतो. हान्सने डॉक्टरला आणायचं, पण कंदील मिळणार नाही, कारण तो नवा आहे. हान्स पोचतो. परतताना डॉक्टर घोड्यावर पुढे निघून जातो आणि मागून चालत येणारा हान्स रस्ता चुकून पाण्याच्या खड्ड्यात बुडतो. अंत्ययात्रेत सर्वांत पुढे गिरणीवाला. त्याचं दुःख काय, तर आता त्या मोडक्या गाडीचं करायचं काय? यापुढे कुणाला काही द्यायचं नाही, असंही तो ठरवून टाकतो.

या घरातच एक वेगळं माणूस होतं. हिवाळ्यात गिरणीवाल्याचा सर्वांत धाकटा मुलगा म्हणाला होता, हान्सला इथेच बोलावू, मी त्याला माझी अर्धी पेज देईन, माझे पांढरे ससे दाखवीन. बाप त्याच्यावर खेकसला. शिडीवरून पडलेला मुलगा हाच का, हे वाइल्ड सांगत नाही. डॉक्टर पोचल्यावर त्याचं काय झालं, तेही नाही.