नकोसा मित्र

मैत्रीची थोरवी गाणारी सुभाषिते आपल्याकडे उदंड आहेत. परंतु नकोसा मित्र दारात येऊन उभा राहिला तर काय करावे, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. ‘द केबल गाय’ हा बेन स्टिलर यांनी दिग्दर्शित केलेला १९९६ सालचा अमेरिकन चित्रपट नेमका या पेचावर उभा आहे.

प्रेयसीपासून दुरावलेला स्टीव्हन नव्या बिऱ्हाडात एकटाच राहायला येतो. केबल जोडायला आलेल्या माणसाला चिरीमिरी देऊन काही वाहिन्या फुकट पदरात पाडून घ्याव्यात, एवढाच त्याचा मतलब. तो माणूस वाहिन्या देतो आणि मोबदल्यात मैत्री मागतो! मग फोन, भेटवस्तू, आगंतुक भेटी. स्टीव्हन नाही म्हणताच त्या प्रेमाचे सुडात रूपांतर होते.

हा माणूस झालेला जिम कॅरी आपल्याला हसवतो, पण ते हसू घशात अडकते. त्याने सांगितलेले ‘चिप डग्लस’ हे नावसुद्धा उसने, एका जुन्या मालिकेतल्या मुलाचे. खेळायला भाऊ मागणाऱ्या पोराला दूरचित्रवाणीपुढे बसवून आई बाहेर निघून जाते, हा त्याच्या बालपणीचा छोटासा प्रसंग सारे काही सांगून टाकतो. माणसे कशी जोडावीत हे तो पडद्यावरून शिकला आहे. तिथे अर्ध्या तासात मैत्री जुळते. नकार पचवण्याचा धडा मात्र तिथे नसतो. वर्गात मागल्या बाकावर अशी मुले मी पाहिली आहेत. ती खोड्या काढतात, कारण कुणीतरी आपल्याकडे पाहावे एवढेच त्यांना हवे असते.

कॅरीच्या निखळ विनोदाला सरावलेले अनेक प्रेक्षक तेव्हा नाराज झाले होते. शेवटचा पाठलाग ठरावीक वळणाचा आहे, हेही खरे. परंतु स्टीव्हनला निर्दोष न ठेवण्यात दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा दिसतो. फुकटची वस्तू त्याला हवी होती. ती देणारा माणूस नको होता.

चित्रपट मुलांसाठी नाही. फराळ आटोपल्यावर थोरांनी जरूर पाहावा. अखेरीस जखमी चिपला हेलिकॉप्टरमधून नेत असताना एक शुश्रूषक सहज त्याला ‘दोस्त’ म्हणतो. आपण खरेच तुझे दोस्त का, असे चिप त्याला विचारतो आणि त्याचे डोळे चमकतात. त्या क्षणी आपल्याला त्या शुश्रूषकाची काळजी वाटते आणि चिपची कीवही येते.