अर्नेस्ट जे. गेन्स यांच्या कादंबऱ्यांतील अन्यायाचे स्वरूप

प्रस्तावना :
आफ्रिकन-अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट जे. गेन्स (१९३३-२०१९) यांचा जन्म लुईझियाना राज्यातील एका मळ्यावर मजुराच्या कुटुंबात झाला. मळ्यावरील कृष्णवर्णीय मुलांची शाळा चर्चमध्ये भरे आणि वर्षातील जेमतेम पाच-सहा महिने चाले. पुढील शिक्षणासाठी ते १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तकांत त्यांना आपल्या गावची माणसे आढळली नाहीत. या अभावातूनच त्यांचे लेखन सुरू झाले. प्रस्तुत लेखात गेन्स यांना अन्याय नेमका कोठे जाणवतो, याचा शोध घेतला आहे.

विवेचन :
'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' (१९७१) या कादंबरीत गुलामगिरीत जन्मलेली शतायुषी जेन एका इतिहास-शिक्षकाला आपली जीवनकथा सांगते. पाठ्यपुस्तकांत तिला स्थान नाही, म्हणून तो तिच्याकडे येतो. 'अ गॅदरिंग ऑफ ओल्ड मेन' (१९८३) मध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याचा खून होतो आणि अनेक वृद्ध कृष्णवर्णीय 'तो मीच केला' असा कबुलीजबाब देतात. प्रत्येकाच्या कबुलीतून आयुष्यभर गिळलेला अपमान बाहेर पडतो.

'अ लेसन बिफोर डाइंग' (१९९३) मध्ये हे सूत्र अधिक टोकदार होते. न केलेल्या खुनासाठी जेफरसन या तरुणाला मृत्युदंड होतो. त्याला वाचविण्यासाठीच त्याचा वकील त्याची तुलना डुकराशी करतो. बचावाची भाषाही आरोपीचे माणूसपण नाकारते, हे येथे विशेष लक्षणीय आहे. गावातील शिक्षक ग्रँट विगिन्स याच्यावर जेफरसनला माणूस म्हणून मरणाला सामोरे जाण्यास तयार करण्याची जबाबदारी येते. स्वतःच्या अध्यापनावरील त्याचा विश्वास उडालेला असतो. तो जेफरसनला वही व पेन्सिल देतो. अशुद्ध, विरामचिन्हरहित लिपीत लिहिलेली ती रोजनिशी हेच न्यायालयाला दिलेले उत्तर ठरते. शिक्षा मात्र टळत नाही.

या मांडणीला मर्यादाही आहेत. गेन्स यांची प्रतिष्ठेची कल्पना अनेकदा पुरुषत्वाशी जोडलेली राहते. ग्रँटची मावशी आणि जेफरसनची धर्ममाता या स्त्रिया कथानकाला गती देतात. परंतु त्यांचे अंतरंग आपल्याला ग्रँटच्याच नजरेतून दिसते. या दृष्टीने जेन पिटमन हा ठळक अपवाद होय.

निष्कर्ष :
गेन्स यांच्या लेखी अन्यायाचे मूळ केवळ चुकीच्या निकालात नाही; ते माणसाचे वर्णन करण्याचा अधिकार दुसऱ्याने बळकावण्यात आहे. प्रथमपुरुषी, बोलभाषेतील निवेदन ही त्यांची शैली म्हणूनच त्यांच्या नैतिक भूमिकेपासून वेगळी करता येत नाही. साहित्य फाशी रोखू शकत नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र मरणाऱ्याविषयी शेवटचा शब्द न्यायालयाचा राहू दिला नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने जेफरसनची वही या दृष्टीने वाचावयास हवी.