सौनाचा हिशेब

हल्ली सौनाचं फार कौतुक चाललंय. व्यायाम झाला की पंधरा मिनिटं त्या लाकडी खोलीत बसायचं. स्नायू सैल होतात, हृदय सुधारतं, आयुष्य वाढतं म्हणे. यातलं पहिलं मी लगेच मान्य करते. शेकानं दुखरं अंग हलकं होतं, हे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवणाऱ्या आपल्या घरांना कुणी नव्यानं शिकवायला नको. (ताजी सूज असेल तर मात्र शेकू नये.) प्रश्न आहे तो आयुष्याचा.

हा दावा फिनलंडचा. तिथल्या कुओपिओ भागातल्या 2,315 जणांची वीसेक वर्षं नोंद ठेवली आणि 2015 साली निष्कर्ष छापला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा 63 टक्क्यांनी कमी! आकडा मोठा खरा, पण मोजला कुणावर? सगळे पुरुष, मध्यमवयीन. त्यातही चार ते सात वेळा जाणारे फक्त 201. शिवाय ज्याचं हृदय आधीच धड आहे, तोच ऐंशी-नव्वद अंशांच्या उष्णतेत इतक्यांदा बसणार ना? संशोधकांनी वय, रक्तदाब, धूम्रपान हे सगळं हिशेबात धरलं होतं, तरी माझी शंका पुरती फिटत नाही. बायका आल्या त्या 2018च्या निबंधात, 1,688 जणांत निम्म्याहून थोड्या जास्त. हृदयविकाराच्या मृत्यूंचा कल तिथंही तसाच दिसला. बरं वाटलं, पण तोही कलच. सौनामुळंच, असं त्यावरून ठरत नाही.

आणि फिनलंडमध्ये सौना म्हणजे काही जिमचं गिऱ्हाईक नव्हे. 55 लाख माणसांच्या देशात तीसेक लाख सौना, बहुतेक घरातच. पूर्वी बाया तिथंच बाळंत व्हायच्या. म्हणजे दार लावून, निवांत, कुणाची हाक न येता बसणं हे तिथल्या आठवड्यातच मुरलेलं. आपल्याकडं त्याच्या जाहिरातीत उष्णता तेवढी उचलली, निवांतपणा राहिला तिकडंच. आपल्यातल्या किती जणींना आठवड्यातून चारदा, वीस-वीस मिनिटं, "अगं, कुठं आहेस?" न ऐकता मिळतात? माझ्या मते फायद्यात त्याचाही वाटा असणार.

जायचं असेल तर खुशाल जा. पाणी पिऊन जा, चक्कर वाटली की उठून बाहेर या. गरोदर असाल किंवा रक्तदाब उतरत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, जिमच्या पोराला नव्हे.