हरितलवकातील जनुक आणि बियाण्याची वाट : एक चिकित्सा

पिकाच्या केंद्रकाऐवजी हरितलवकात परकीय जनुक बसविण्याच्या तंत्राचे समर्थन प्रामुख्याने दोन मुद्द्यांवर केले जाते. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवके मातेकडूनच संततीत येतात, त्यामुळे परागकणांवाटे जनुक पसरत नाही, हा पहिला मुद्दा. पेशीत हरितलवकीय जनुकसंचाच्या हजारो प्रती असल्याने प्रथिन विपुल मिळते, हा दुसरा. २००१ मध्ये तंबाखूच्या पानांत बीटी प्रथिन एकूण विद्राव्य प्रथिनांच्या सुमारे ४६ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते.

हे दावे चाकण परिसरातील कांद्यावर तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. हा पट्टा आज मोटार कारखान्यांसाठी ओळखला जात असला, तरी चाकणचा बाजार कांद्यासाठी ख्यातनाम आहे. कांद्यात बाजारमूल्य कंदाला असते, आणि कंदातील लवके हरितद्रव्यहीन असतात. १९९९ मध्ये बटाट्याच्या कंदात अशा जनुकाची अभिव्यक्ती पानांपेक्षा सुमारे शंभरपट कमी आढळली. म्हणजे तंबाखूच्या पानावरून कांद्याविषयी अनुमान काढता येत नाही.

पहिला मुद्दा अधिक गंभीर आहे. कांद्याचे परागीभवन मुख्यतः मधमाश्यांमार्फत होते. तेव्हा परागमार्ग रोखणे मोलाचेच. २००७ च्या तंबाखूवरील अभ्यासात पित्याकडून लवके येण्याचे प्रमाण अत्यल्प आढळले. परंतु शेतकरी डेंगळे राखून घरचे बी धरतो आणि ते देतो-घेतोही. केंद्रकातील जनुक संकरानंतर पुढील पिढ्यांत विलग होऊ शकते. हरितलवकातील जनुक मात्र त्या मातेच्या जवळजवळ प्रत्येक बियात उतरते. जो गुण परागाची वाट बंद करतो, तोच बियाण्याची वाट रुंद करतो.

ही भीती काल्पनिक नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळण्यापूर्वीच, २००१ मध्ये, गुजरातेत अनधिकृत बीटी कापूस आढळला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे जाहीरपणे पेरले. दोन्ही वेळी जनुकाचा प्रवास बियाण्यातून, माणसांच्या हातून झाला.

यास्तव जैवसुरक्षेच्या मूल्यमापनात परागाइतकेच बियाण्याच्या देवघेवीलाही स्थान हवे. राजगुरुनगर येथे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. खेड तालुक्यातील घरच्या कांदा-बियाण्याची पद्धतशीर नोंद परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हाती घेतली, तर असे पीक शेतात येण्यापूर्वीच त्याच्या निर्णयाला आधार मिळेल.